सपोर्टेड लिव्हिंगच्या घरात नव्याने कामाला लागताना

इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या घरी सपोर्ट वर्कर म्हणून रुजू होणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहिलं आहे. (तिथे लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात ती हीच, डिस्लेक्सिया त्यात येत नाही.) आपल्याकडून गेलेल्यांना माणसाचं करायची सवय असते, कामाचा कंटाळा नसतो. घोटाळा होतो तो मायेपोटी. म्हाताऱ्यांना जागचं उठू द्यायचं नाही, चहा हातात नेऊन द्यायचा, पान वाढून पुढ्यात ठेवायचं, ही आपली रीत. ती इथे लावली की जे गृहस्थ स्वतः ब्रेडला लोणी लावत होते ते हळूहळू हात मांडीवर ठेवून बसायला लागतात, आणि कागदोपत्री सेवा उत्तम चाललेली असते.

म्हणून दर्जा मोजताना दोनच प्रश्न धरा. तुमच्या शिफ्टमध्ये त्या माणसाने स्वतः काय केलं? आणि त्याच्या तब्येतीत पडलेला फरक तुमच्या लक्षात आला का?

घर कोणाचं ते आधी समजून घ्या

सपोर्टेड लिव्हिंगमध्ये भाडेकरार राहणाऱ्या माणसाच्या नावावर असतो. घरमालक बहुतेकदा हाउसिंग असोसिएशन (नफ्यासाठी नसलेली, घरं भाड्याने देणारी संस्था), भाडं सहसा हाउसिंग बेनिफिट या सरकारी भाडे-मदतीतून जातं, आणि आधाराचे तास केअर अ‍ॅक्ट २०१४ खाली गरज तपासून काउन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, मंजूर करतं. तुमची कंपनी फक्त ते तास पुरवते. केअर होममध्ये खोली आणि काळजी एकत्रच मिळते. इथे दोन्ही वेगळे ठेवलेत ते अशासाठी की उद्या कंपनी बदलावीशी वाटली तर माणसाचं घर सुटू नये. सीक्यूसी ही तपासणी यंत्रणा इथे आंघोळ, कपडे, जेवण भरवणं अशी वैयक्तिक काळजी तपासते, इमारत नाही. बॉयलर बंद पडला तर तक्रार घरमालकाकडे करायची, आणि तो दुरुस्त होईपर्यंत पिच्छा पुरवायचा.

रोजच्या वागण्यात याचा अर्थ असा. किल्ली खिशात असली तरी बेल वाजवून थांबा. रोटा (ड्यूटीचा तक्ता), सूचनांचे कागद, ‘हात धुवा’ची पाटी यांना दिवाणखान्यात जागा नाही. सोफ्याचा चांगला कोपरा आणि टीव्हीचा रिमोट स्टाफचा नाही. आलेली टपाल भाडेकरूच्या हातात द्या, वाचून दाखवायची ती नंतर.

स्वयंपाकघराला कुलूप दिसलं, किंवा कुणाला एकट्याने बाहेर जाऊ दिलं जात नाही असं दिसलं, तर ‘इथे पहिल्यापासून असंच आहे’ या उत्तरावर थांबू नका. केअर होम आणि हॉस्पिटलमध्ये स्वातंत्र्यावर बंधन घालायला डॉल्स नावाची परवानगी चालते. सपोर्टेड लिव्हिंगला ती लागू नाही. इथे माणसाला सतत देखरेखीखाली ठेवून बाहेर पडू द्यायचं नसेल आणि त्याला स्वतः या बंधनाला संमती देता येत नसेल, तर कोर्ट ऑफ प्रोटेक्शनचा (निर्णयक्षमता नसलेल्यांची प्रकरणं बघणाऱ्या कोर्टाचा) आदेश लागतो. आदेश आहे का, कधीपर्यंत आहे, हे मॅनेजरला सरळ विचारा. आणि एकाच्या खाण्यावर नियंत्रण हवं म्हणून लावलेलं कुलूप घरातल्या बाकीच्या तिघांनाही बंद करतं, हे बहुतेक ठिकाणी कुणाच्या ध्यानातच येत नाही.

पहिल्या शिफ्टआधी काय वाचायचं

केअर प्लॅनची फाइल जाडजूड असते आणि ती पहिल्या पानापासून वाचायला घेतलीत तर कामाचं पान यायच्या आत शिफ्ट सुरू होईल. आधी जिवाशी गाठ असलेलं वाचा: गिळण्याचा त्रास, फिट्स, अ‍ॅलर्जी, औषधं. मग त्या व्यक्तीची बोलण्याची पद्धत. त्यानंतर दिवस कसा जातो, काय आवडतं, कशाने बिनसतं. जुना इतिहास सगळ्यात शेवटी. तो आधी वाचला की माणूस भेटायच्या आत त्याच्याबद्दल मत तयार होतं. प्रत्येक भागावर शेवटच्या आढाव्याची तारीख बघा. प्लॅनमध्ये एक आणि जुनी सहकारी करते दुसरंच, असं दिसलं तर दोन्ही नोंदवून विचारा. कधी कधी सहकारीच बरोबर असते आणि कागद मागे राहिलेला असतो.

केअर सर्टिफिकेट (नव्या कर्मचाऱ्यांचं पायाभूत प्रशिक्षण) आणि ऑलिव्हर मॅगोवनच्या नावाचं प्रशिक्षण या दोन गोष्टी सुरुवातीलाच येतील. ऑलिव्हर १८ वर्षांचा होता. तो आणि त्याचे आईवडील नको नको म्हणत असताना त्याला हॉस्पिटलात अँटिसायकॉटिक (मनोविकारावरचं) औषध दिलं गेलं आणि २०१६ मध्ये तो गेला. त्याच्या आईच्या पाठपुराव्यानंतर हे प्रशिक्षण आलं. ते स्लाइड पुढे ढकलत संपवू नका. आणि औषध देणं, हॉइस्टने (माणूस उचलायच्या यंत्राने) उचलणं, फिटचं तातडीचं औषध, यांतलं काहीही तुमची कसोटी घेऊन सही होईपर्यंत करू नका. माणसं कमी आहेत म्हणून कुणी गळ घातली तरी.

बोलणं

प्रौढ माणसाला ‘गुड बॉय’ म्हणायचं नाही. ‘स्वीटी’, ‘डार्लिंग’ही नाही, त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय. त्यांना आवडतं त्या नावाने हाक मारा. एक वाक्य, एक गोष्ट, आणि मग थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. नवख्या माणसाला ती शांतता सोसत नाही, तो तिसऱ्या सेकंदाला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो, आणि ऐकणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

‘हो’ला लगेच होकार समजू नका. बऱ्याच जणांना आयुष्यभर ‘हो’ म्हटल्यावर शाबासकी मिळालेली असते. ‘पोहायला की बागेत?’ असं विचारल्यावर ‘बागेत’ उत्तर आलं तर थोड्या वेळाने ‘बागेत की पोहायला?’ असं उलटून विचारा. उत्तर बदललं तर ते शेवटचा शब्द परत म्हणतायत. मग फोटो दाखवा, पोहण्याचा टॉवेल हातात द्या. मेकॅटन ही हातांच्या खुणांची भाषा वापरणारी व्यक्ती असेल तर तिच्या रोजच्या खुणा आधी पाठ करा. ती स्वतःच्या खुणाही बनवते आणि त्या फक्त जुन्या सहकाऱ्यांना ठाऊक असतात.

मराठी किंवा हिंदी बोलणारी सहकारी भेटली की जीव हलका होतो हे खरं. पण भाडेकरूच्या बैठकीच्या खोलीत त्यांना न कळणाऱ्या भाषेत हसणं-बोलणं चालू ठेवलं, तर ते स्वतःच्याच घरात परके होतात. गप्पा बाहेर, शिफ्ट सुटल्यावर.

एक कप चहा

अ‍ॅक्टिव्ह सपोर्ट या पद्धतीचं नाव सगळीकडे ऐकू येईल. तिचं मर्म एवढंच की कामाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला लागेल तेवढीच मदत द्यायची. चहाचं उदाहरण घ्या. कप काढणं, बॅग टाकणं, किटलीत पाणी भरणं, बटण दाबणं, पाणी ओतणं, थांबणं, बॅग काढणं, दूध, साखर, ढवळणं: दहा तुकडे झाले. यातला धोका फक्त उकळतं पाणी ओतण्यात आहे. त्यासाठी बटण दाबल्यावर एकच कप पाणी सोडणारी किटली मिळते. बाकी नऊ तुकडे तुमच्याकडे कशाला?

मदतीची चढण अशी: आधी काही न बोलता वस्तू समोर ठेवा. नाही जमलं तर एका शब्दात सांगा. मग बोट दाखवा. मग स्वतः करून दाखवा. शेवटी, त्यांना चालत असेल तर, हाताला हात लावून करा. नेहमीची चूक म्हणजे शेवटच्या पायरीपासून सुरुवात करणं, किंवा ‘किटली भर ना, किटली भर’ असं सारखं म्हणत राहणं. बोलून होत नसेल तर जास्त बोलून होणार नाही, बोट दाखवा.

ज्यांना फक्त बटण दाबता येतं त्यांनी बटण दाबावं. चहा त्यांचाच झाला. आणि नोंदीत ‘चहा दिला’ असं लिहू नका. ‘कप स्वतः काढला, बटण स्वतः दाबलं, दूध हाताला आधार देऊन ओतलं’ असं लिहिलंत तर पुढच्या शिफ्टला कुठून सुरू करायचं ते कळतं. अकरा वाजताचा चहा पंचवीस मिनिटं चालला तर चालू दे. दुसरं कुठलं काम खोळंबलं आहे?

निर्णय त्यांचा

मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५ ची पाच तत्त्वं प्रशिक्षणात घोकून घेतील. कामावर उपयोगी पडतं ते असं की निर्णयक्षमता आहे असंच धरून चालायचं, ती प्रत्येक निर्णयापुरती वेगळी बघायची, आणि आपल्याला वेडेपणा वाटला म्हणून निर्णय रद्द होत नाही. दुपारच्या जेवणाला काय खायचं हे ठरवणाऱ्या बाईंना ऑपरेशनचा निर्णय घेता येईलच असं नाही. आणि ऑपरेशनचा घेता येत नाही म्हणून जेवणाचा हक्क जात नाही.

आपल्याला धक्का बसतो तो आईवडिलांबाबत. मुलगा १८ पूर्ण झाला की नुसती आई आहे म्हणून तिची सही संमती ठरत नाही. कोर्टाने नेमलेली डेप्युटी असेल किंवा रीतसर मुखत्यारपत्र असेल तरच. पण क्षमता नसताना त्यांच्या हिताचा निर्णय घ्यायचा असेल तर आईला विचारलंच पाहिजे. तिला बाजूला ठेवणाऱ्या टीमला ज्या गोष्टी कळायला वर्ष लागतं, त्या तिने पहिल्याच दिवशी सांगितल्या असत्या.

शरीर: इथे चूक महाग पडते

इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांचं आयुष्य इतरांपेक्षा सुमारे २० वर्षं कमी असतं, आणि त्यातले बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. एक मोठं कारण असं की वागण्यातला बदल ‘त्यांचं ते असंच’ म्हणून अक्षमतेच्या खात्यावर टाकला जातो. कालपर्यंत शांत असलेले गृहस्थ आज डोकं आपटतायत, तर आधी दात, कान, पोट, लघवी बघा. वागणुकीचा तक्ता नंतर भरा.

बद्धकोष्ठता. हसण्यावारी नेण्याचा विषय नाही, माणसं यात दगावली आहेत. व्यायाम कमी, पाणी कमी, त्यात अँटिसायकॉटिक औषधं. त्यांतलं क्लोझापिन तर या बाबतीत कुप्रसिद्ध. ब्रिस्टल तक्त्यात (मल कसा झाला ते नोंदवायच्या तक्त्यात) १ ते ७ प्रकार असतात: ३ आणि ४ ठीक, १ आणि २ म्हणजे मल कडक. फसवा प्रकार ७ आहे. पाण्यासारखं होतंय म्हणून जुलाब समजून रेचक बंद करतात, आणि प्रत्यक्षात आत अडकलेल्या कडक मलाच्या कडेने पाणी झिरपत असतं. आधीचे काही दिवस कोरे असतील आणि मग अचानक ७ आला, तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. पोट फुगणं, उलटी, जेवण नाकारणं जोडीला असेल तर थांबू नका, १११ (आरोग्य सल्ल्याचा फोन) किंवा ९९९ (तातडीची मदत). स्वतः शौचाला जाणाऱ्यांच्या तक्त्यात अनेक घरांत ‘माहीत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. खासगीपणा जपून विचारायची पद्धत प्लॅनमध्ये ठरवून घ्या.

गिळणं. स्पीच थेरपिस्ट आयडीडीएसआय पातळी (अन्न किती मऊ, पेय किती दाट याचं माप) ठरवतात, ० ते ७. पातळी ४ म्हणजे पूर्ण मऊ लगदा. ५ म्हणजे ओलसर, बारीक, प्रौढांसाठी तुकडा ४ मिलिमीटरचा. काट्याच्या दोन दात्यांमधली फट साधारण तेवढीच असते, तिनेच मोजतात. ६ म्हणजे मऊ आणि दीड सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे. घात होतो तो जेवणाच्या टेबलावर कमी, बाहेर जास्त: वाढदिवसाचा केक, बसमध्ये कुणी दिलेलं सँडविच, तुम्हीच प्रेमाने आणलेला चिवडा. ताठ बसवा, घाई करू नका, टीव्ही बंद. पेय दाट करायची पावडर उघड्यावर ठेवू नका. ती कोरडीच तोंडात गेली तर घशात फुगून श्वास अडकतो. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने २०१५ मध्येच याबद्दल इशारा दिला आहे.

फिट्स. या लोकांत अपस्माराचं प्रमाण साधारण पाचात एक, म्हणजे इतरांच्या कितीतरी पट. फिट सुरू झाली की पहिलं काम घड्याळ बघणं. दोन मिनिटांची फिट बघणाऱ्याला दहाची वाटते. डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूच्या वस्तू दूर, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, थांबल्यावर कुशीवर. गालात द्यायचं मिडाझोलाम हे तातडीचं औषध प्लॅनमध्ये लिहिलेल्या वेळेलाच, बहुधा ५ मिनिटांनी. तरी थांबली नाही, पहिल्यांदाच आली, किंवा इजा झाली तर ९९९. आणि अपस्मार असलेल्यांना टबमध्ये एकटं सोडायचं नाही. २०१३ मध्ये ऑक्सफर्डमधल्या एका उपचार केंद्रात १८ वर्षांचा कॉनर स्पॅरोहॉक टबमध्ये फिट येऊन बुडाला. दुर्लक्षाचा त्यात वाटा होता, असं चौकशीत ज्यूरीने सांगितलं. शॉवर बरा, दाराला आतून कडी नको, प्लॅनमध्ये स्पष्ट सूचना हवी.

टबाचं पाणी थर्मामीटरने मोजा. ४४ अंशांच्या वर कधीही नाही, आणि माणूस आत बसल्यावर गरम नळ सोडायचा नाही.

वयाच्या १४ वर्षांपासून जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) दरवर्षी आरोग्य तपासणी मिळते, मात्र नाव त्यांच्या लर्निंग डिसॅबिलिटी यादीत असावं लागतं. आहे का, फोन करून विचारा. दुप्पट वेळाची आणि दिवसाच्या पहिल्या नंबरची अपॉइंटमेंट मागा. इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० खाली तो हक्क आहे, उपकार नाही. जाताना वर्षभराचं वजन, शौचाचा तक्ता, फिट्सची नोंद आणि औषधांची यादी न्या. नुसतंच ‘ऑल ओके’ सांगून आलात तर ती तपासणी झालीच नाही असं समजा. परत येताना हेल्थ अ‍ॅक्शन प्लॅन हातात हवा. शांत करणारी औषधं वर्षानुवर्षं चालू असतील तर ती कशासाठी, हे त्याच भेटीत विचारा. २०१५ मध्ये सरकारी अंदाज असा होता की इंग्लंडमधले ३०,००० ते ३५,००० लोक योग्य कारणाशिवाय अशी औषधं घेतायत. त्यातूनच पुढे स्टॉम्प ही मोहीम निघाली. मात्र स्वतःच्या मनाने एक गोळीसुद्धा कमी करू नका.

हॉस्पिटलात जायचं असेल तर हॉस्पिटल पासपोर्ट बरोबर न्या. लाल पानावर जिवाचं, पिवळ्यावर गरजेचं, हिरव्यावर आवडीनिवडी. आणि फाइलमध्ये हृदय बंद पडल्यास प्रयत्न करू नयेत असा आदेश दिसला, त्याचं कारण ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ एवढंच असेल, तर लगेच आक्षेप घ्या. ते कारण चालत नाही.

औषधं आणि पैसे

गोळी गिळलेली बघा, मग एमएआर चार्टवर (औषध दिल्याच्या नोंदीच्या तक्त्यावर) सही करा. आधी सही हा नेहमीचा गुन्हा. गरज पडल्यास द्यायच्या औषधासाठी कधी, किती, कमाल किती, हे लिहिलेला कागद वेगळा हवा. जेवणात लपवून औषध देणं डॉक्टर, फार्मासिस्ट आणि घरच्यांनी मिळून रीतसर ठरवल्याशिवाय अजिबात नाही. चूक झाली तर त्याच मिनिटाला फार्मासिस्ट किंवा १११ ला फोन, मग मॅनेजरला.

पैशांत प्रत्येक पावती, प्रत्येक वेळी मोजलेली शिल्लक. त्यांच्या खरेदीवर टेस्को सुपरमार्केटचं स्वतःचं क्लबकार्ड लावून पॉइंट घेऊ नका; लोकांना ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण तो आर्थिक गैरवापर धरला जातो आणि त्यापायी नोकरी जाऊ शकते. बाहेर कॉफी प्यायला गेलात तर तुमचे पैसे तुम्ही किंवा कंपनी भरणार.

रोटा वाचायला शिका

काउन्सिलने मंजूर केलेले तास दोन प्रकारचे: सगळ्यांत वाटलेले आणि एकाच माणसासाठी राखलेले. गळती होते ती दुसऱ्यात. आठवड्याला वीस तास एकास-एक मंजूर असतात, आणि त्या वेळात सपोर्ट वर्कर तिघांचा स्वयंपाक करत असतो. रोटावर त्या तासांपुढे नाव आणि काम लिहिलेलं हवं. ‘कम्युनिटी अ‍ॅक्सेस’ म्हणजे गाडीतून फिरवून आणणं असेल तर तेही लिहा, लपवू नका. रिकाम्या खोलीत नवीन भाडेकरू येणार असेल तर आधीच्यांना विचारलं का, हेही बघा. भाडं बुडतं म्हणून घाईने भरलेली खोली घरातल्या भांडणांचं मूळ ठरते.

काही खटकलं तर

२०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी हॉस्पिटलात रुग्णांना होणारी मारहाण बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवली आणि ११ कर्मचारी दोषी ठरले. त्याआधी एका नर्सने आत तक्रार केली होती, बाहेरच्या यंत्रणांपर्यंतही ती पोचली होती. तक्रार केली एवढ्यावर थांबायचं नाही, ती कुठे पोचली हे बघायचं.

मारहाण, लैंगिक अत्याचार, जिवाला धोका असेल तर ९९९. बाकी मॅनेजरला तोंडी सांगा आणि त्याच दिवशी ईमेलनेही. मॅनेजरच त्यात असेल, किंवा काहीच हलत नसेल, तर काउन्सिलच्या अ‍ॅडल्ट सेफगार्डिंग विभागाला थेट फोन करता येतो. सीक्यूसीला नाव न सांगताही कळवता येतं. व्हिसा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर असला की तोंड उघडायची भीती वाटते. सार्वजनिक हिताची माहिती देणाऱ्या कामगाराला १९९८ च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते व्हिसा बघून मिळत नाही.

कुणी तुम्हाला काही सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. खोदून प्रश्न विचारू नका, ते काम पुढच्यांचं. जास्त विचारलंत तर साक्ष बिघडते. जखम असेल तर शरीराच्या आकृतीवर जागा, रंग, आकार सेंटिमीटरमध्ये. कपडे धुवायला टाकू नका. त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा, इंग्रजी सुधारून नाही. खाली तारीख, वेळ, तुमची सही, आणि फोन कोणी उचलला त्याचं नाव व तक्रारीचा क्रमांक.